वरच्या रानात गाठी, खालच्या रानात कोरी मुळं

नागपंचमीला मी मामांच्या गावी पोचले तेव्हा सोयाबीन पंचेचाळीस दिवसांचं झालं होतं. गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. चहा व्हायच्या आधीच मामा चपला घालून उभे. "चल माय, रान बघून येऊ. खालचं सगळं पिवळं पडलालंय."

मी पुण्यात वनस्पतींच्या रेणूजीवशास्त्रावर काम करते. घरच्यांच्या भाषेत, 'बाटल्यांत झाडं वाढवते'. त्यामुळे रानातलं काही बिघडलं की मला एकदा दाखवायचं आणि मग दुकानदार सांगेल तेच करायचं, अशी आमच्याकडची रीत आहे. या वेळी मात्र प्रकरण थेट माझ्या विषयाच्या दारात येऊन बसलं होतं, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवते आहे.

मामांचं रान दोन तुकड्यांत आहे. वरचं दीड एकर, खालचं एक एकर, मध्ये बांध. दोन्हीकडे काळी भारी जमीन. दोन्ही तुकडे एकाच दिवशी, एकाच थैल्यांतल्या बियाण्याने पेरलेले. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन. पेरणीबरोबर एकरी एक बॅग डीएपी, तीही दोन्हीकडे. बियाण्याला रायझोबियमचं, म्हणजे मुळावर गाठी धरून हवेतलं नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूंचं, पाकीटही लावलेलं. इतकं सगळं सारखं असताना बांधावर उभं राहिलं की डावीकडे गर्द हिरवं आणि उजवीकडे लिंबाच्या सालीसारखं फिकट पिवळं, असा चक्क रंगाचा कट दिसत होता.

तालुक्याच्या दुकानातून मामांनी आधीच सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली आणून एक फवारा मारला होता. फरक शून्य. आता युरियाच्या दोन बॅगा आणून ठेवल्या होत्या, आणि त्या दोन्ही तुकड्यांत फेकायच्या होत्या. "वरचं हिरवं आहे ते अजून हिरवं होईल की."

पानं पाहून बऱ्याच गोष्टी तिथल्या तिथे बाद करता आल्या. चुनखडीच्या जमिनीत लोह कमी पडलं तर आधी कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात. इथे उलटं होतं, खालची जुनी पानं आधी पिवळी, शेंडा त्यातल्या त्यात बरा. म्हणजे झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवत होतं. पिवळ्या मोझॅक या विषाणूरोगाचे चट्टे नव्हते. पाणी साचल्याची खूण नव्हती. नत्राची उपासमार होती, हे उघड होतं. प्रश्न होता तो एकाच तुकड्यात का, हा.

उत्तर मुळाशी होतं, पण मुळं त्या दिवशी बघता येईनात. नागपंचमीला जमीन खणायची नाही. मामींनी खुरपं हातातून काढून घेतलं. मीही वाद घातला नाही. एक दिवस थांबल्याने सोयाबीनचं काही बिघडणार नव्हतं.

दहा आणि दहा झाडं

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ, बादली आणि दाढीचं ब्लेड घेऊन गेलो. वापसा चांगला होता. झाड उपटायचं नाही, हे पहिलं. उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि आपण म्हणतो गाठीच नाहीत. वीतभर लांबून कुदळ घालून मातीच्या ढेकळासकट उचलायचं, ते ढेकूळ बादलीत भिजू द्यायचं आणि मग हलवून धुवायचं.

वरच्या रानातून वेगवेगळ्या जागची दहा झाडं काढली. प्रत्येकाच्या मुळावर वाटाण्याहून लहान, गोल, टणक गाठी. सोटमुळाच्या वरच्या भागाला नुसता घोस. ब्लेडने कापल्या की आतून मांसासारख्या लालसर. मामा गाठी बघत आले आहेत, पण कापून कधी पाहिल्या नव्हत्या. "ह्यात रक्त कामून?" त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर पुढे देते.

खालच्या रानातून दहा झाडं काढली. आठ झाडांची मुळं पांढरी, लांब, सुंदर आणि कोरी. एकही गाठ नाही. उरलेल्या दोन झाडांवर मात्र तीन-चार मोठ्या लाल गाठी होत्या. ती दोन्ही झाडं मी कुठून काढली ते आठवून पाहिलं, तर दोन्ही बांधाच्या कडेची, जिथे जुलैच्या पावसात बांध फुटून वरचं पाणी आणि गाळ खाली आला होता तिथली.

मग सहज म्हणून खालच्याच रानातलं तुरीचं एक झाड काढलं, आणि खरं प्रकरण तिथेच सुटायला लागलं. तुरीच्या गाठी धुताना फार गळतात, तरी डझनभर हाताला लागल्या. कापल्या तर आतून लाल. तूर निरोगी, हिरवी.

म्हणजे त्याच मातीत, त्याच पाण्यावर, दीड हाताच्या अंतरावर एका द्विदलाला (म्हणजे शेंगवर्गीय पिकाला) जोडीदार मिळाला होता आणि दुसऱ्याला नाही. मातीत नत्र फार झालं असतं, आम्लता बिघडली असती, मॉलिब्डेनम कमी असतं किंवा मुळांना हवा मिळत नसती, तर तुरीलाही ते भोगावं लागलं असतं. बियाण्यात दोष असता तर वरच्या रानातही गाठी आल्या नसत्या. (असं बियाणं असू शकतं. मुळावर गाठी अजिबात न येणारं सोयाबीन अमेरिकेत १९५० च्या दशकातच वर्णन केलं गेलं, आणि त्यातलं बिघडलेलं जनुक कोणतं ते पुढे अर्ध्या शतकाहून जास्त काळाने कळलं.) माती बरी, बियाणं बरं. गैरहजर होता तो सोयाबीनचा जिवाणू.

"पण पाकीट तर दोन्हीकडं लावलं की," मामा म्हणाले.

हो. आणि ते पाकीट दोन्हीकडे वाया गेलं होतं. वरच्या रानात ते कळलं नाही, कारण तिथे वीसेक वर्षं सोयाबीन होतंय आणि त्याचे जिवाणू जमिनीत कायमचे वस्तीला आहेत. खालचा तुकडा भावकीच्या वादात अडकलेला. किती तरी वर्षं त्यात बाभळी, नाहीतर बटईने कुणी केलीच तर रब्बीची ज्वारी. वाद मिटून यंदा पहिल्यांदा तिथे सोयाबीन पडलं. सोयाबीन मुळात चीनकडचं पीक. आपल्याकडे मोठ्या क्षेत्रावर ते गेल्या चार-पाच दशकांतलं, मराठवाड्यात तर त्याहूनही अलीकडे पसरलेलं. त्याचा खास जिवाणू, ब्रॅडीरायझोबियम, आपल्या प्रत्येक रानात आपोआप असेल असं नाही. तूर इथली, जुनी. चवळी, मूग, तूर यांना चालणारे जिवाणू आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

मूळ हाक कशी मारतं

त्या रात्री ओट्यावर मामांनी विचारलं, "मातीत इतके जिवाणू, मग सोयाबीनला त्यातला एक का चालू नये?" प्रश्न अगदी मुळावर होता. आमच्या क्षेत्रात गेली चाळीसेक वर्षं लोक याच प्रश्नाचे पापुद्रे काढत बसलेत.

नत्राची भूक लागली की सोयाबीनचं मूळ मातीत काही रसायनं सोडतं: जेनिस्टीन, डायड्झीन. ही आयसोफ्लॅव्होन गटातली संयुगं आहेत. मातीतल्या बहुतेक जिवाणूंना त्यांचं काही देणंघेणं नाही. ब्रॅडीरायझोबियममध्ये मात्र नॉड-डी नावाचं एक प्रथिन असतं. हे रसायन त्याला भिडलं की ते जिवाणूच्या 'नॉड' जनुकांचा गट चालू करतं, आणि जिवाणू उत्तर तयार करायला लागतो.

त्या उत्तराला नॉड फॅक्टर म्हणतात. त्याची रचना पहिल्यांदा १९९० मध्ये उलगडली, ती सोयाबीनच्या नव्हे, लसूणघासाच्या जिवाणूत. कणा असतो कायटिनचा, म्हणजे खेकड्याच्या कवचात आणि बुरशीच्या भिंतीत असतं त्याच पदार्थाचा, फक्त चार-पाच मण्यांचा तुकडा. नॉड-सी नावाचं एन्झाइम मणी ओवतं, नॉड-बी टोकाच्या मण्यावरचा एक छोटा गट काढून जागा मोकळी करतं, नॉड-ए त्या जागी स्निग्ध आम्लाची शेपटी जोडतं. इथपर्यंत सगळ्या रायझोबियमांचं सारखं. मग प्रत्येक जात आपापला दागिना चढवते. लसूणघासाचा जिवाणू सल्फेट लावतो, सोयाबीनचा फ्यूकोज नावाच्या साखरेचा एक बदललेला प्रकार. शेपटी किती लांब, दागिना कोणता, यावरून मूळ ओळखतं की आलेला आपला की परका.

ही ओळख पटवतात मूलरोमाच्या, म्हणजे मुळावरच्या केसासारख्या तंतूंच्या, पेशींच्या पडद्यात बसलेली दोन ग्राही प्रथिनं, एनएफआर-१ आणि एनएफआर-५. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये ती लोटस नावाच्या लहानशा द्विदल वनस्पतीत शोधली, सोयाबीनमध्येही त्यांच्या आवृत्त्या आहेत. गाठी न येणाऱ्या सोयाबीनचा वर उल्लेख केला, त्यात मोडलेलं होतं ते हेच एनएफआर-१. वाजवायला दाराची कडीच नाही, मग आत कोण येणार?

मला या सगळ्यात सर्वांत भारी वाटतं ते हे की ही ग्राही प्रथिनं बुरशीचा हल्ला ओळखणाऱ्या ग्राहींच्याच कुटुंबातली आहेत. कायटिनचा लांब तुकडा भिडला की झाड म्हणतं बुरशी आली, दारं लावा. तोच कायटिन आखूड, शेपटी आणि दागिन्यासकट आला की म्हणतं, पाहुणा आला. सोयरीक आणि भांडण यांच्यात एवढाच काय तो फरक. मामांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "भावकीसारखंच की." त्यांना ताजा अनुभव होता.

नॉड फॅक्टर अतिशय विरळ प्रमाणात, द्रावणाच्या नॅनोमोलर पातळीवर आणि त्याखालीही काम करतो. तो ग्राहींना बसला की मूलरोमाच्या पेशीच्या केंद्रकात कॅल्शियमच्या लाटा उसळू लागतात, साधारण मिनिट-दोन मिनिटांच्या ठेक्याने वर-खाली. सीसीएमके नावाचं प्रथिन हा ठेका वाचतं, सायक्लॉप्स नावाच्या प्रथिनाला कामाला लावतं, आणि ते पुढे 'निन' हे जनुक चालू करतं. निन चालू झालं की गाठ घडवण्याचा सगळा कारभार सुरू. २००६ मध्ये दोन गटांनी दाखवलं की सीसीएमकेची कायम चालू राहणारी आवृत्ती झाडात घातली तर एकही जिवाणू नसताना मुळावर गाठी येतात. आत रिकाम्या, पण गाठीच. म्हणजे गाठ जिवाणू बनवत नाही. गाठीचा नकाशा झाडाच्याच खिशात असतो, जिवाणू फक्त तो उघडायला लावतो.

आणि हा नकाशासुद्धा द्विदलांनी नवा काढलेला नाही. मुळात राहून स्फुरद पुरवणाऱ्या मायकोरायझा बुरशीशी झाडांची मैत्री चाळीसेक कोटी वर्षांची. कॅल्शियमचा हाच ठेका, हेच सीसीएमके तिथेही वापरात आहे. द्विदलांनी जुन्या वाटेवर नवं दार काढलं, इतकंच.

दार उघडतं तेही गमतीदार. मूलरोमाचं टोक मेंढपाळाच्या काठीच्या आकड्यासारखं वळतं आणि जिवाणूला कुशीत घेतं. तिथून आत पडद्याची एक नळी तयार होते, संसर्गधागा, आणि त्यातून जिवाणू वाढत, विभागत आत सरकतात. त्याच वेळी खालच्या सालीतल्या पेशी, ज्यांना जिवाणूने अजून स्पर्शही केलेला नाही, विभागायला लागतात. धागा पोचतो तोवर घर बांधून तयार.

हे झालं पहिल्या दाराचं. पण फक्त नॉड फॅक्टर जुळला की काम झालं, असं समजू नये. बरेच लोक इथेच थांबतात. चवळी गटातल्या पुष्कळ जिवाणूंचा नॉड फॅक्टर सोयाबीनच्या जिवाणूशी मिळताजुळता असतो. पण आत शिरताना काही जिवाणू सुईसारख्या यंत्रणेने आपली प्रथिनं झाडाच्या पेशीत सोडतात, आणि सोयाबीनमध्ये आरजे-२ सारखी जनुकं त्या प्रथिनांवरून परक्याला ओळखून दार लावतात. आरजे-२ म्हणजे रोगप्रतिकाराच्या जनुकांच्याच जातकुळीतलं जनुक, हे २०१० मध्ये समजलं. मामांच्या खालच्या रानात तुरीचे जिवाणू सोयाबीनच्या कोणत्या दारातून परत गेले ते ब्लेडने दिसत नाही, आणि युरिया टाकायचा की नाही हे ठरवायला ते दिसायची गरजही नव्हती.

रक्त कामून

आता मामांचा प्रश्न. गाठीच्या आत जिवाणू मोकळे नसतात. झाड त्यांना स्वतःच्या पडद्याच्या पिशव्यांत ठेवतं, आणि ते तिथे रूप बदलून नत्र बांधू लागतात. हवेतलं नत्र, ज्याच्या दोन अणूंमध्ये तिहेरी बंध आहे, तोडायचं काम नायट्रोजनेज हे एन्झाइम करतं. त्याच्या गाभ्यात लोहाचे ७, गंधकाचे ९ आणि मॉलिब्डेनमचा १ अणू, आणि मधोमध एक कार्बन. तो कार्बनच आहे हे पक्कं व्हायला २०११ उजाडलं. नत्राचा एक रेणू तोडून अमोनियाचे दोन रेणू करायला किमान १६ एटीपी, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची नाणी, लागतात, आणि वर हायड्रोजनचा एक रेणू वायाच जातो. युरियाच्या कारखान्यासाठी अमोनिया बनवताना हेच काम चारशे-पाचशे अंश तापमान आणि शेकडो वातावरणांच्या दाबाखाली होतं. इथे ते ओल्या मातीत, पावसाळी थंडाव्यात.

अडचण एक आहे. नायट्रोजनेजला ऑक्सिजन लागला की ते कायमचं बिघडतं. पण १६ एटीपी मिळवायला जिवाणूला श्वास घ्यावाच लागतो, म्हणजे ऑक्सिजन हवाच. यावर झाडाने काढलेला उपाय म्हणजे लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं दूरचं भावंड. १९३९ मध्ये कुबो या जपानी शास्त्रज्ञाने ते ओळखलं. हे प्रथिन ऑक्सिजनला घट्ट धरतं आणि जिवाणूंपर्यंत वाहून नेतं. त्यामुळे मोकळा ऑक्सिजन नगण्य राहतो, तरी पुरवठा तुटत नाही. जिवाणूकडेही इतक्या विरळ ऑक्सिजनवर चालणारं खास श्वसनएन्झाइम असतं. गाठीतला लाल रंग लेगहिमोग्लोबिनमधल्या लोहाचा. म्हणून गाठ कापून पाहायची. लाल असली तर काम चालू. आतून पांढरी असली तर काम अजून सुरू नाही किंवा जिवाणू कामाचा नाही. हिरवट पडली तर म्हातारी झाली.

"म्हणजे सालगडीच की," मामा म्हणाले. "राहायला खोली, खायला भाकर, अन् वर्षभर काम."

उपमा अचूक होती. झाड साखरेपासून बनवलेलं मॅलेट जिवाणूंना देतं, ते अमोनिया देतात, आणि सोयाबीन त्या अमोनियापासून अलँटॉइनसारखी यूराइड संयुगं करून पानांकडे पाठवतं. नुसती अचूक नव्हती, थोडी टोचणारीही होती, कारण झाड मालकासारखंच हिशेब ठेवतं. २००३ मध्ये सोयाबीनवर केलेल्या एका प्रयोगात काही गाठींभोवतीच्या हवेतलं नत्र काढून आर्गॉन भरला. जिवाणूंनी काम करायचं ठरवलं तरी बांधायला नत्रच नाही. झाडाने त्या गाठींचा ऑक्सिजन कमी केला, आणि तिथले जिवाणू शेजारच्या कामकरी जिवाणूंपेक्षा बरेच कमी वाढले. चूक कोणाची, याची चौकशी झाडाने केली नाही.

किती सालगडी ठेवायचे, हेही झाडच ठरवतं. पहिल्या गाठी धरायला लागल्या की मुळातून लहान प्रथिनांचे संदेश वर पानांकडे जातात. पानांत नार्क नावाचं ग्राही प्रथिन ते वाचतं आणि खाली निरोप देतं: बस, आता नको. नार्क बिघडलेल्या सोयाबीनच्या मुळावर गाठींचा खच पडतो आणि झाड खुरटतं, कारण गाठी पोसायला साखर लागते. मातीत नायट्रेट भरपूर असलं तरी असाच नकार जातो. रेडीमेड मिळत असताना एवढा खर्च कोण करेल?

मामांच्या युरियाच्या बेताला माझा विरोध इथूनच होता. वरच्या रानात युरिया फेकला असता तर धरलेल्या गाठी सुस्तावल्या असत्या आणि नव्या धरल्या नसत्या. पैसे देऊन फुकटचा पुरवठा बंद केल्यासारखं झालं असतं. साधा हिशेब असा: एक टन सोयाबीन पिकायला झाडाला साधारण ८० किलो नत्र लागतं, म्हणजे एकरी दहा क्विंटलला ८० किलो. युरियाच्या ४५ किलोच्या बॅगेत नत्र २० किलोच्या आसपास. सगळं नत्र बॅगेतून द्यायचं तर एकरी चार बॅगा, आणि त्यातलं किती झाडाला मिळेल, किती धुपून जाईल कुणास ठाऊक. बरी गाठ धरलेल्या पिकात यातलं निम्मं किंवा जास्त हवेतून येतं.

खालच्या रानाचा हिशेब वेगळा. तिथे गाठीच नाहीत, तर युरियाने बिघडणार काय? पीक फुलोऱ्यात येत होतं, नत्राची सगळ्यात मोठी गरज पुढे शेंगा भरताना होती. म्हणून खाली एक बॅग, दोन हप्त्यांत, वापशावर, ओळीच्या कडेने. वर काही नाही. दुसरी बॅग परत करा, म्हटलं. मामांनी परत केली नाही, ज्वारीला ठेवली. आता जिवाणूंचं द्रावण ओळीत सोडलं तर चालेल का, असंही विचारलं. इतक्या उशिरा त्याचा फारसा उपयोग नसतो. कोवळे मूलरोम सोटमुळाजवळ राहिलेले नसतात, आणि गाठ कामाला लागायला तीनेक आठवडे जातात.

पाच डबे

पाकीट मेलं कसं, हे राहिलं. माझा संशय दुकानावर होता. पाकिटं खिडकीपाशी उन्हात रचलेली मी स्वतः पाहिली होती. जिवाणू खत म्हणजे जिवंत माल, मे महिन्याच्या बेचाळीस अंशांत तो काचेमागे टिकायचा नाही, असं मी मामांना जरा जोरातच सांगितलं. मामींनी विचारलं, "पण ह्यांनी बियाण्याला लावलं कसं, ते विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. मामांनी थायरम असलेलं बुरशीनाशक आणि रायझोबियमचं पाकीट एकाच घमेल्यात गुळाच्या पाण्यात कालवलं, बियाण्याला चोळलं, ताडपत्रीवर उन्हात वाळवलं, आणि मग पावसाने उघडीप दिली म्हणून सहा दिवस बियाणं पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलं.

मग रंगाचे पाच रिकामे डबे धुतले, तळाला भोकं पाडली आणि खालच्या रानातली माती भरली. पहिल्यात साधं बियाणं. दुसऱ्यात दुकानातल्या त्याच जुन्या पाकिटातला उरलेला भाग लावून, बुरशीनाशक न लावता. तिसऱ्यात परभणीच्या कृषी विद्यापीठातून आणवलेलं ताजं जिवाणू संवर्धक, पण मामांच्या पद्धतीने: बुरशीनाशकात कालवून, उन्हात वाळवून, सहा दिवस शेडमध्ये ठेवून मग पेरलेलं. चौथ्यात तेच ताजं संवर्धक रीतसर: आधी बुरशीनाशक, ते सुकू द्यायचं, शेवटी पेरायच्या तासाभर आधी सावलीत जिवाणू. पाचव्यात साधं बियाणं, पण वरच्या रानातली दोन ओंजळी माती मिसळून. डबे ओट्याच्या कडेला ठेवले, पाणी घालायचं काम मामींकडे.

महालक्ष्म्यांना मी परत गेले तेव्हा मुळं धुतली. तिसऱ्या डब्याचं पेरणं सहा दिवस मागे असल्यामुळे त्याला तेवढे दिवस जास्त दिले. पहिल्यात काही नाही. चौथ्यात आणि पाचव्यात गाठी, पाचव्यात तर जास्तच. तिसऱ्यात काहीच नाही. आणि दुसऱ्यात, ज्या पाकिटावर मी एवढी चिडले होते त्यात, थोड्या का होईना, पण लाल गाठी होत्या.

एकेका डब्यावरून शास्त्र होत नाही, हे मला माहीत आहे. प्रयोगशाळेत असा निकाल मी कुणाला दाखवलाही नसता. पण खिडकीतलं ऊन त्या पाकिटाला पूर्ण मारू शकलं नव्हतं. उरलेलं काम घमेल्याने आणि शेडने केलं. थायरमसारखं बुरशीनाशक जिवाणूंनाही बाधतं आणि एकाच पाण्यात कालवल्यावर त्यांना पळायला जागा राहत नाही. वर वाळणं आहेच. बियाण्याच्या सालीवर कोरडे पडलेले ब्रॅडीरायझोबियम भराभर मरतात. दुकानदाराबद्दल बोललेलं मी मागे घेतलं. मामी फक्त हसल्या.

पाचव्या डब्याने मात्र मामांचे डोळे चमकले. "म्हणजे वरची माती खाली टाकली की झालं?" होईलही. सोयाबीन नव्याने घेणाऱ्या भागांत पूर्वी लोकांनी असं केलेलं आहे. पण त्या मातीबरोबर मूळकूज आणि खोडकुजीची बुरशीही येते, म्हणून पाकीटच बरं, असं माझं मत. फुटलेल्या बांधाखालची ती दोन झाडं याच न ठरवता झालेल्या प्रयोगाची.

सोयाबीन निघालं तेव्हा खालच्या रानाने वरच्यापेक्षा एकरी दोन पोती कमी दिली. युरिया नसता दिला तर किती गेली असती, ते सांगायला न दिलेली ओळ ठेवायला हवी होती. मी सुचवलं होतं, मामा ऐकले नाहीत.

ऑक्टोबरात फोन आला. खालच्या रानात हरभरा करायचा होता. ताजं पाकीट आणलंय, माठाच्या खाली गारव्याला ठेवलंय, बुरशीनाशक सकाळी लावून झालंय, आता संध्याकाळी सावलीत लावतो, सगळं तू सांगितल्यासारखं.

"पाकिटावर पीक कोणतं लिहिलंय मामा?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मामींना हाक मारून चष्मा मागितल्याचा आवाज.

"सोयाबीन."

हरभऱ्याला मेसोरायझोबियम लागतो, आणि हरभरा जिवाणूच्या बाबतीत सोयाबीनपेक्षाही चोखंदळ. बियाणं तसंच झाकून ठेवायला सांगितलं. मामा दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने लातूरला गेले.